तळ्यात हे नक्की काय पसरलंय? जलपर्णी की दुसरंच काही?

घोडबंदरची_मीरा
नमस्कार मंडळी. आमच्या बिल्डिंगच्या मागे जुन्या गावठाणाचं एक छोटं तळं आहे, घोडबंदर रोडच्या बाजूला. गेल्या दिवाळीपर्यंत पाणी स्वच्छ दिसायचं, एका कोपऱ्यात कुमुदाची फुलं यायची, संध्याकाळी आजी-आजोबा कट्ट्यावर बसायचे. जानेवारीत पाण्यावर हिरवे ठिपके दिसायला लागले आणि आता एप्रिलमध्ये निम्म्याहून जास्त तळं झाकलं गेलंय, अक्षरशः चालत जाता येईल असं वाटतं. सगळे म्हणतात जलपर्णी आहे, उपटून टाका. पण मी ठाण्याच्या उपवन तलावात आणि कल्याणकडे उल्हास नदीत जलपर्णी पाहिलीय, ती अशी दिसत नाही. हिला जांभळी फुलं नाहीत, फुगीर देठ नाहीत. पानं छोटी, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी, जोडीजोडीने, मधोमध दुमडलेली आणि वरून मखमलीसारखी. फोटो चढत नाहीयेत, रात्री परत प्रयत्न करते. दोन प्रश्न: हे काय आहे? आणि पावसाआधी काढायचं तर कसं? रविवारी आम्ही वीसेक जण उतरायच्या तयारीत आहोत.

बाळकूमचा_बंड्या
जलपर्णीच असणार ताई. लहान असताना अशीच दिसते. रविवारी मीपण येतो, फावडं आणि दाताळं घेऊन.

तलावपाळीकर
ठाण्याला तलावांचं शहर म्हणतो आपण. जुनी माणसं साठच्या आसपास तलाव होते असं सांगायची, आता पस्तीसच्या आसपास उरलेत. त्यातलं एक वाचवायला कोणी रविवारची झोप मोडतंय हे वाचून फार बरं वाटलं. माहिती काही नाही माझ्याकडे, पण हात दोन आहेत. वेळ कळवा.

अंबरनाथी
दुमडलेली छोटी पानं म्हणजे ॲझोला असेल. कोकण कृषी विद्यापीठाच्या मेळाव्यात बघितलंय, गाईम्हशींना आणि कोंबड्यांना घालतात, भाताच्या खाचरात नत्रासाठी सोडतात. चांगली वनस्पती आहे, काढू नका, उलट एखाद्या गोठेवाल्याला सांगा, तो स्वतः येऊन घेऊन जाईल.

वनस्पतीवेडा
थांबा थांबा. बंड्यादादा, दाताळं घरीच ठेवा जरा, कारण मला वाटतंय ते हे असेल तर दाताळ्याने एकाचे शंभर होतील.

मीराताई, आधी ओळख पक्की करू. ॲझोला खूप बारीक असतं, पानं म्हणजे खवल्यांसारखी, एक अख्खं रोप एक-दोन सेंटिमीटर, आणि कडक उन्हात किंवा थंडीत लालसर होतं. नखाएवढी जोडपानं ॲझोलाची नसतात. गोंडाळ (काही जण त्यालाच जलकुंभी म्हणतात) असेल तर पाण्यावर कोबीचा किंवा लेट्यूसचा गड्डा ठेवल्यासारखं दिसतं, पानाला लांब शिरांच्या पन्हळी असतात. जलपर्णीची पानं गुळगुळीत, चकचकीत, आणि देठ फुग्यासारखा, दाबला की स्पंजसारखा. तुमचं वर्णन यातल्या एकालाही बसत नाही.

तीन गोष्टी करून बघा. एक, पानावर चमच्याने पाणी टाका. अळवावरच्या पाण्यासारखं घरंगळतं का? दोन, एक रोप अलगद उचला आणि देठाच्या एका गाठीवर किती पानं आहेत ते मोजा. वर दोन हिरवी आणि खाली एक तपकिरी, मुळांच्या झुपक्यासारखं लोंबणारं, असं आहे का? ते खालचं मूळ नाही, ते तिसरं पानच आहे. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, पान उन्हात आडवं धरून मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढे भिंग लावून वरची लव बघा. प्रत्येक केस खाली एक दांडी, वर चार फाटे, आणि ते चार फाटे टोकाला परत एकत्र जुळलेले असे दिसतात का? ताकाच्या रवीचं बोंड डोळ्यापुढे आणा. फाट्यांची टोकं मोकळी असतील तर ती साधी जात. जुळलेली असतील तर काळजीचं आहे.

घोडबंदरची_मीरा
भिंग मुलाच्या सायन्स किटमधलं मिळालं. आत्ता टॉर्च घेऊन खाली जाऊन आले. पाणी घरंगळतं. दोन वर एक खाली, बरोबर तसंच. आणि केस... रवीच! मुलगा म्हणाला आई हे पिंजरे आहेत. टोकं जुळलेली आहेत, दहा-बारा पानं बघितली. खालच्या झुपक्यात बारीक मण्यांच्या माळा पण लटकतायत, द्राक्षांच्या घोसासारख्या. ती फळं आहेत का?

वनस्पतीवेडा
मग शंका उरत नाही. साल्विनिया मोलेस्टा. केरळात याला आफ्रिकन पायल म्हणतात, पण मूळ आफ्रिकेतलं नाही, आग्नेय ब्राझीलमधलं आहे. फुलझाडही नाही, तरंगणारं नेचं आहे, म्हणून फुलं येणारच नाहीत, कितीही वाट बघा. ते मणी म्हणजे बीजाणूंच्या थैल्या, पण ही जात वांझ आहे, त्यातून नवीन रोप होत नाही. इथेच तुमच्यासाठी चांगली आणि वाईट बातमी एकत्र आहे. चांगली अशी की चिखलात बी साठून राहत नाही. जलपर्णीचं बी तळातल्या गाळात वीस-वीस वर्षं जिवंत राहतं, एकदा सगळी काढली तरी उन्हाळ्यात पाणी आटलं की परत उगवते. साल्विनिया एकदा पूर्ण काढलं की संपलं. वाईट बातमी, ते फक्त तुकड्यांनीच वाढतं. एक गाठ आणि त्यावरची एक कळी मागे राहिली तरी पुरते. ऊन आणि सांडपाणी दोन्ही मिळालं तर आठवड्याभरात दुप्पट होतं. म्हणून दाताळं नको म्हटलं, ते ओढताना त्याचा चुरा होतो.

खटपट्या
आज निम्मं तळं आणि आठवड्याला दुप्पट, म्हणजे पुढच्या रविवारी अख्खं?? 😳

वनस्पतीवेडा
@खटपट्या, जागा संपली की वेग कमी होतो, पण मग पसरायच्या ऐवजी थर चढतो. पानं घट्ट दुमडतात आणि एकावर एक उभी राहतात. मीराताईंच्या तळ्यात पानं दुमडलेली आहेत याचा अर्थ गर्दी झालीय. सुरुवातीला तीच पानं सपाट, पाण्यावर पसरलेली असतात, त्यामुळे लोकांना दोन वेगळ्या वनस्पती वाटतात.

पंचगंगाकाठचा (सध्या ऐरोली)
आमच्या कोल्हापुरात जलपर्णीला केंदाळ म्हणतात. इथे आल्यावर केंदाळ म्हटलं की कोणाला कळत नाही. लहानपणी नदीवर केंदाळ साचलं की म्हशी धुवायला जागा नसायची. ओळख वेगळी असली तरी दुखणं एकच, वरून गटार सोडायचं आणि खाली झाडाला शिव्या द्यायच्या.

शेवंती_ठाणे
आमच्या विदर्भात शिंगाड्याच्या तळ्यात असलं काही आलं की सगळं केंबळच म्हणायचे. नावांचा वेगळा धागा काढा कुणीतरी, मी येते.

डोंबिवलीचे_जोशीकाका
अहो एवढं कशाला? तणनाशक मारा, दोन दिवसांत पिवळं, आठवड्यात साफ. आमच्या भावाच्या शेततळ्यावर मारलं होतं.

कांदळवन
काका, आदराने सांगते, नको. शेततळ्यात मासे नसतील, इथे आहेत. औषधाने मेलेला सगळा थर एकदम तळाला जाऊन कुजतो, कुजताना पाण्यातला प्राणवायू खेचतो आणि दुसऱ्या दिवशी मासे उलटे तरंगतात. एका हेक्टरवर जलपर्णीचा गच्च थर असेल तर दोनशे टनांच्या वर ओला माल असतो. एवढं सगळं एकदम पाण्यात कुजलं तर काय होईल विचार करा. त्यात या पानावर पाणीच टिकत नाही, औषध घरंगळून तळ्यातच जाणार. आणि ग्लायफोसेट या तणनाशकाबद्दल 2022 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने आदेश काढला होता की ते पेस्ट कंट्रोल ऑपरेटरकडूनच वापरायचं. आपण पंप घेऊन सार्वजनिक तळ्यात मारायची गोष्टच नाही.

डोंबिवलीचे_जोशीकाका
हे माशांचं लक्षात नव्हतं आलं. मागे घेतो.

नेरुळचा_नाना
गवत्या मासा सोडा ना. ग्रासकार्प. तण खातो.

आगरी_पोर_कोपरखैरणे
नाना, गवत्या हायड्रिला आवडीने खातो, म्हणजे पाण्याखालची कोवळी वेल. हे केसाळ काय त्याच्या तोंडाला लागत नाही. आमच्या गावच्या तळ्यात सोडले होते, हायड्रिला संपवली आणि मग कुमुद खाल्लं. आणि कोणी तिलापिया सोडा म्हणेल त्याला आधीच हात जोडतो, तोच मासा परदेशी, त्याने आमचे देशी मासे संपवत आणलेत.

माझी आजी रोज तळ्यावर कपडे धुवायची. आता नेऊन दाखवलं तर बोलली, "आमचे टायमाला तलावान आभाल दिसाचा." त्यानंतर घरी येईपर्यंत काही बोलली नाही. मीराताई, मी येणार रविवारी. होडी नाही पण थर्माकोलचा तराफा आहे आमच्याकडे, जाळी मारायला वापरतो.

सानपाडा_सुलभा
आमच्याकडच्या होल्डिंग पाँडमध्ये (पावसाचं पाणी साठवायच्या तलावात) असलं काही येत नाही, ते का? तिथे तर सांडपाणी भरपूर येतं.

कांदळवन
@सुलभा, ते खाडीला जोडलेले आहेत, भरतीचं खारं पाणी आत येतं, म्हणून तिथे तिवरं वाढतात. जलपर्णी आणि साल्विनिया दोघांनाही मीठ सोसत नाही, समुद्राच्या पाव खारटपणातही जलपर्णी तग धरत नाही. पावसाळ्यात उल्हासच्या पुराबरोबर जलपर्णीचे तांडेच्या तांडे ठाण्याच्या खाडीत येतात, गणपतीनंतर पाणी खारं व्हायला लागलं की काळे पडून किनाऱ्याला लागतात. धोका गोड्या पाण्याच्या तळ्यांना आहे, गावठाणातली, डोंगराच्या पायथ्याची.

रिटायर्ड_हेडबाई
मुलांनो, डासांचं कोणीच बोललं नाही. आमच्या इमारतीत दोन डेंग्यू झाले. या झाडामुळेच ना?

डॉक्टर_वाशी
बाई, डेंग्यूचा डास आपल्या घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो, कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवरच्या टायरमध्ये, फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये. तो दोष तळ्याला देऊ नका, नाहीतर ताटली तशीच राहील. मात्र पाण्यावरच्या वनस्पतींशी बांधलेला एक डास आहे, मॅन्सोनिया. त्याची अळी श्वास घ्यायला वर येत नाही, गोंडाळ-जलपर्णीच्या मुळांत नळी खुपसून तिथूनच हवा घेते, म्हणून पाण्यावर तेल टाकूनही मरत नाही. केरळात हत्तीरोगाचा एक प्रकार या डासामुळे पसरायचा. त्यामुळे तळं मोकळं करणं चांगलंच आहे, फक्त डेंग्यूसाठी घर तपासा.

पाणकोंबडी
मी जरा वेगळं बोलते, रागावू नका. मी पक्षी बघते. जिथे तरंगती पानं आहेत तिथे कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी असतात. कमळपक्षी पावसाळ्यात तरंगत्या पानांवरच घरटं करतो, अंडी अक्षरशः पाण्याला टेकलेली असतात. एका तळ्यावर मशीन आणून दोन दिवसांत सगळं खरवडून काढलेलं मी पाहिलंय, कुमुद, पाणगवत, काठावरची नाळीची भाजी, सगळं गेलं. महिन्याभरात मोकळ्या पाण्यात परत तेच परदेशी आलं, कारण ते सगळ्यात वेगाने वाढतं. त्यामुळे काढा, पण देशी ठेवा, आणि जूनच्या आत काढा.

वनस्पतीवेडा
पाणकोंबडी यांना शंभर टक्के अनुमोदन. मीराताई, कुमुदाच्या कोपऱ्याभोवती आधी दोरीचं कुंपण करा. आणि तिथलं साल्विनिया हातानेच वेचा, वेळ लागेल तेवढा लागू दे.

बाळकूमचा_बंड्या
पण काढायचं कशाने ते सांगा ना आता, रविवार आला.

वनस्पतीवेडा
लिहितो सविस्तर. मी स्वतः एका फार्महाऊसच्या तळ्यावर केलंय त्यावरून सांगतो, आधी दोनदा चुकलो. पहिल्यांदा आम्ही जिथे जास्त दिसलं तिथून सुरुवात केली, मधोमध. लाटेने सगळं फुटून चारी बाजूला गेलं. दुसऱ्यांदा काढून काठावरच ढीग घातला, वळवाच्या एका सरीने निम्मा ढीग परत पाण्यात.

तिसऱ्यांदा जमलं ते असं. उन्हाळ्यात दुपारनंतर आपल्याकडे पश्चिमेचा वारा असतो, तो सगळं पूर्वेच्या काठाला लोटतो. त्यामुळे काम दुपारी चारनंतर. लांब दोरीला रिकाम्या पाण्याच्या बाटल्या बांधायच्या, खाली हातभर रुंद शेडनेटची पट्टी शिवायची. दोन टोकांना दोन माणसं काठाकाठाने चालत ती दोरी हळूहळू पूर्वेकडे आणणार, कोळी किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढतात तसं. थर एका कोपऱ्यात गोळा झाला की दोरी तिथेच बांधून टाकायची, मग तो पळत नाही. उचलायला दाताळं नको, मच्छरदाणीच्या कापडाचे मोठे झारे करा, बांबूला रिंग लावून. भरलेला झारा पाण्यावर दोन मिनिटं निथळू द्या, आत बेडकांची पिल्लं, बारीक मासे, गोगलगायी असतात, त्यांना परत सोडा. माल पाण्यापासून निदान पन्नास पावलं लांब, उताराच्या उलट बाजूला, ताडपत्रीवर पातळ पसरा. एप्रिलच्या उन्हात चार-पाच दिवसांत खडखडीत वाळतं. ओला ट्रक भरायला जाल तर पाणीच वाहाल. आणि तळ्याचं जास्तीचं पाणी जिथून नाल्यात जातं तिथे बारीक जाळी लावा, पावसाआधी नक्की.

सगळ्यात महत्त्वाचं, त्या दिवशी संपणार नाही. पहिल्या दिवशी नव्वद टक्के निघेल आणि सगळे टाळ्या वाजवून घरी जातील. खरं काम त्यानंतर आहे. दर तीन-चार दिवसांनी दोन माणसांनी काठ फिरून उरलेले ठिपके वेचायचे, निदान तीन महिने.

आगरी_पोर_कोपरखैरणे
यात एक भर. तळ्यात विसर्जन होत असेल तर तळाशी मूर्तींच्या सळया, पाट, तारा असतात. आमच्याकडे एकाच्या पायात सळई घुसली होती. अनवाणी कोणी उतरू नका, गमबूट आणि लाईफ जॅकेटशिवाय तर नाहीच. पायाला जखम असेल त्याने काठावरचं काम घ्या, लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची, भीती असते. पोहता येतं म्हणून कोणी शूरपणा नको, या थराखाली पाणी किती खोल ते दिसत नाही.

खटपट्या
वाळल्यावर खत होईल का? माझ्याकडे गच्चीवर वीस कुंड्या आहेत.

कांदळवन
पूर्ण वाळलेलं कंपोस्टमध्ये घालता येतं, सुक्या पाल्यासारखं. फक्त या वनस्पती पाण्यातले जड धातू शोषून घेतात, त्यामुळे तळ्यात कारखान्याचं पाणी येत असेल तर ते खत मेथी-पालकाला नको, फुलझाडांना वापरा. मीराताई, तुमच्याकडे वरून काय येतं?

घोडबंदरची_मीरा
कारखाना नाही. पण काल काठाने फिरताना दोन पाईप दिसले, दोन्ही सांडपाण्याचे. एक आमच्याच सोसायटीचा निघाला. दहा वर्षं इथे राहते, मला माहीत नव्हतं. आणि वॉचमनने सांगितलं की दिवाळीच्या सफाईत कुणीतरी फिशटँक आणून तळ्यात रिकामी केली होती. "मासे मरू नयेत म्हणून" केलं म्हणे.

वनस्पतीवेडा
तीच सुरुवात. चांगल्या मनानेच होतं बहुतेक वेळा. श्रीलंकेत हे झाड 1939 साली कोलंबोच्या विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्र विभागात आणलं होतं, तिथून भातखाचरांत गेलं. आपल्याकडे बंगालमध्ये जलपर्णी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुंदर फुलांसाठी आली आणि 1936 मध्ये तिच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. टँकमधली वनस्पती नको असेल तर वाळवून कचऱ्यात टाका, मासे दुकानदाराला परत द्या.

सानपाडा_सुलभा
एक भुंगा असतो ना यावर? कुठेतरी वाचलं होतं.

वनस्पतीवेडा
हो, सर्टोबेगस साल्विनी, जेमतेम दोन मिलिमीटरचा सोंडकिडा. ब्राझीलमधलाच. मोठा किडा कोवळ्या कळ्या खातो, अळी देठ पोखरते. केरळात 1980 च्या दशकात सोडला आणि काही वर्षांत कालवे मोकळे झाले. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या सारणीला सातपुडा जलाशय असाच झाकला गेला होता, तिथे जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने हा किडा सोडला आणि थर खाली बसला. पण त्याला दीड-दोन वर्षं जातात, आणि तो संस्थेमार्फत रीतसरच आणायचा. मोठ्या जलाशयाला तोच उपाय. मीराताईंच्या तळ्याला वीस माणसं पुरतील. जलपर्णीचे सोंडकिडे वेगळे, ते याला तोंड लावत नाहीत. ओळख आधी म्हणतो ती यासाठीच.

घोडबंदरची_मीरा (पाच आठवड्यांनी)
हिशेब द्यायला आले. पहिल्या रविवारी सव्वीस जण होतो, या धाग्यावरचेच सात. बाटल्यांची दोरी दोनदा तुटली, तिसऱ्यांदा कोपरखैरण्याच्या दादांच्या तराफ्यावरून मधे आधार दिला तेव्हा थर सरकला. तो हलला आणि मागे पाणी दिसलं तेव्हा काठावरच्या आज्या उभ्या राहिल्या. पूर्वेच्या कोपऱ्यातलं उचलायला तीन रविवार लागले. जोशीकाका डोंबिवलीहून तिन्ही वेळा आले आणि ताडपत्रीवर माल पसरायचं काम एकट्याने सांभाळलं.

चुका पण सांगते. तिसऱ्या आठवड्यात परीक्षा, लग्नं यांच्यामुळे दहा दिवस कोणी फिरकलं नाही. उत्तरेच्या काठाला गवताच्या आडोशाला परत चटईएवढा पट्टा झाला होता. आता पाळी लावलीय, मंगळवार आणि शुक्रवार, दोन-दोन घरं. मुलांना भिंग दिलंय, तीच सगळ्यात आधी शोधतात.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाईपचा विषय काढला. भांडण झालं. "तळं आपलं नाही" असं एक जण म्हणाले. मग आमच्या मजल्यावरच्या आजी, ज्या कधी मीटिंगला येत नाहीत, त्या म्हणाल्या की वास तर आपल्याच खिडकीत येतो ना. आमचा पाईप मुख्य गटाराला जोडायचं ठरलंय, प्लंबरचा अंदाज आलाय. दुसऱ्या पाईपबद्दल संबंधितांना दोन पत्रं दिलीत, उत्तर नाही. तिसरं सगळ्या घरांच्या सह्यांनी देणार आहोत.

कुमुदाला परवा एक कळी आलीय.

पाणकोंबडी
रडवलंत मीराताई. कळीजवळ आता कोणी जाऊ नका.

बाळकूमचा_बंड्या
दाताळं अजून घरीच आहे 🙏 शुक्रवारची पाळी माझी आणि खटपट्याची.

रिटायर्ड_हेडबाई
कुंडीखालच्या ताटल्या काढल्या. सगळ्या मजल्यांवर जाऊन काढायला लावल्या.

तलावपाळीकर
जाळी लावली का नाल्याच्या तोंडाला? पाऊस आलाच.

घोडबंदरची_मीरा
उद्या सकाळी साडेसहाला लावतोय. पकड आणि बाइंडिंग वायर कोणाकडे आहे?

आगरी_पोर_कोपरखैरणे
दोन्ही आणतो. चहा ठेवा.